विश्लेषण : नट बसले म्हणजे चाक बसले का? गाडीचे ‘पीसीडी’ काय सांगते, काय सांगत नाही?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. नाशिककरांच्या गाड्या आता इगतपुरी, भरवीर किंवा सिन्नरकडून या रस्त्यावर चढतात आणि पूर्वी कधी धावल्या नव्हत्या इतका वेळ सलग वेगात धावतात. सपाट भागात कारसाठी मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. महामार्गाचे पहिले टप्पे सुरू झाल्यावर अपघात वाढले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायरची तपासणी सुरू केली. झिजलेला टायर डोळ्यांना दिसतो. मात्र तो टायर ज्या चाकावर चढवला आहे ते चाक मुळात त्या गाडीसाठी आहे का, हे उभ्या गाडीकडे पाहून कळत नाही. जुने अलॉय व्हील स्वस्तात घेऊन बसवण्याची हौस वाढत असताना हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दुकानात त्यावर बहुधा एकच गोष्ट विचारली जाते, ती म्हणजे पीसीडी. तेवढे पुरेसे आहे का?

पीसीडी म्हणजे नेमके काय?

चाक ज्या भागावर टेकते त्याला हब म्हणतात. हबवर चार, पाच किंवा सहा स्टड गोलाकार उभे असतात. या सर्व स्टडच्या केंद्रांतून एक वर्तुळ काढले, तर त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ‘४×१००’ याचा अर्थ चार स्टड आणि १०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ. मारुती स्विफ्ट, बलेनो आणि ह्युंदाईची आय-२० या गाड्यांचे पीसीडी ४×१०० आहे. ब्रेझा, क्रेटा आणि इनोव्हा ५×११४.३ मध्ये येतात. फॉर्च्युनर ६×१३९.७. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तरी फिगो आणि इकोस्पोर्ट रस्त्यावर भरपूर आहेत आणि त्यांचे माप ४×१०८ आहे. स्विफ्टसारखेच चार नट, पण वर्तुळ ८ मिलिमीटरने मोठे.

कंपनी एकच असली तरी माप एक असेलच असे नाही. चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोचे पीसीडी ५×१०० आहे, तर त्याच समूहाच्या, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवणी झालेल्या स्कोडा सुपर्बचे ५×११२.

११४.३ हा विचित्र आकडा आला कुठून?

इंचातून. ११४.३ मिलिमीटर म्हणजे बरोबर साडेचार इंच आणि १३९.७ म्हणजे साडेपाच इंच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पाच स्टड साडेपाच इंचांच्या वर्तुळावर होते. महिंद्रने स्वातंत्र्याच्या सुमारास याच जीपची जुळवणी मुंबईत सुरू केली आणि पुढच्या अनेक दशकांच्या महिंद्र जीपमध्ये ते माप टिकून राहिले. मारुती जिप्सीचेही तेच, आणि २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीचेही ५×१३९.७ आहे. युरोपीय कंपन्यांनी मिलिमीटरमध्ये मापे ठरवली, म्हणून तिकडे ९८, १००, १०८, ११२ असे आकडे दिसतात. जगभर एकच माप असते तर हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती. पण प्रत्येक कंपनीने आपापल्या हबचा आकार, ब्रेक आणि वजन पाहून वेगळा निर्णय घेतला.

घरी मोजता येते का?

येते. चार किंवा सहा स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडमधले अंतर हेच पीसीडी. केंद्र शोधण्यात वेळ घालवू नये. एका स्टडच्या डाव्या कडेपासून समोरच्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजले तरी तोच आकडा येतो.

खरी चूक पाच स्टडच्या गाडीत होते. तिथे कोणताही स्टड दुसऱ्याच्या नेमका समोर नसतो. अशा वेळी मधला एक सोडून दोन स्टडमधले अंतर घ्यावे आणि १.०५१ ने गुणावे. अंतर १०८.७ मिलिमीटर आले तर पीसीडी ११४.३, १०६.५ आले तर ११२. फरक जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा. फूटपट्टी किंवा शिवणकामाच्या टेपने तो पकडता येत नाही, त्यासाठी व्हर्निअर लागतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यात वाढलेल्या शहरात व्हर्निअर मिळणे अवघड नाही, एखादा शेजारी टूलरूममध्ये कामाला असतोच.

हा सव्वादोन मिलिमीटरचा फरक फसवा आहे. ५×११२ चे चाक ५×११४.३ च्या हबवर हातोडीने ठोकावेही लागत नाही. भोके स्टडपेक्षा थोडी मोठी असल्याने ते सरकून बसू शकते आणि नटही फिरतात. पण नटाचा उतार भोकाच्या एकाच बाजूला टेकतो. आवळत जाल तसा स्टड आतून वाकत राहतो आणि प्रत्येक फेरीला त्याच्यावर उलटसुलट ताण येतो. फियाट पॅलिओच्या काळात ४×९८ च्या हबवर सहज मिळणारी ४×१०० ची चाके चढवण्याचा मोह असाच होता.

पीसीडी जुळले, मग अडचण कुठे येते?

चाकाच्या मधल्या मोठ्या भोकात. त्याला सेंटर बोअर म्हणतात. कंपनीच्या चाकात हे भोक हबच्या उंचवट्यावर अगदी तंतोतंत बसते आणि चाक आपोआप मध्यावर येते. नट नंतर लागतात.

ब्रेझा आणि क्रेटा यांचे उदाहरण घेऊ. दोन्हींचे पीसीडी ५×११४.३. पण ब्रेझाच्या हबचा उंचवटा ६०.१ मिलिमीटरचा, तर क्रेटाचा ६७.१. म्हणजे ब्रेझाचे चाक क्रेटाला लागतच नाही, ते आडवे अडकते. उलट क्रेटाचे चाक ब्रेझावर आरामात जाते, सगळे नट लागतात, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. मध्यभागी सर्व बाजूंनी साडेतीन मिलिमीटरची फट राहते. तीच गोष्ट लहान गाड्यांत. स्विफ्टचा उंचवटा ५४.१ चा, जुन्या होंडा सिटीचा ५६.१ चा, दोन्ही ४×१००.

फट राहिली तर काय होते? चाक मध्यावर आणण्याचे काम मग फक्त नटांवर येते. टायरवाल्याने एक नट गनने पूर्ण आवळला आणि मग दुसऱ्याकडे वळला, तर चाक किंचित एका बाजूला ओढले जाऊन तिथेच राहते. ६२ सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी १२० किलोमीटरला सेकंदाला सुमारे १७ फेऱ्या घेते. मिलिमीटरभर सरकलेले चाक म्हणजे सेकंदाला १७ धक्के. चालकाला ते स्टिअरिंगच्या थरथरीतून कळते, बहुधा ८०-९० च्या पुढे. मग अलाइनमेंट होते, बॅलन्सिंग दोनदा होते, पैसे जातात आणि थरथर तशीच राहते. कारण बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक त्याच्या स्वतःच्या मध्यावर फिरते, गाडीच्या हबवर नाही.

उपाय स्वस्त आहे. हब रिंग नावाचे प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमचे कडे ही फट भरते. घेताना बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही मापे सांगावी लागतात, उदाहरणार्थ ६७.१ ते ६०.१. ‘प्लास्टिकचे कडे गाडीचे वजन कसे पेलणार?’ ही शंका अनेकांना येते. ते वजन पेलतच नाही. नट आवळल्यावर स्टड किंचित ताणले जातात आणि चाकाला हबवर घट्ट दाबून धरतात. गाडीचा भार या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणावर असतो. कडे फक्त मध्य सांभाळते. हबवर गंजाचा थर, चिखल किंवा रंगाचा जाड लेप राहिला तर मात्र हीच पकड सैल होते. म्हणून चाक लावण्यापूर्वी हबवर तारेचा ब्रश फिरवणारा मेकॅनिक वेळ वाया घालवत नसतो.

नटांमध्ये एवढे काय असते?

सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथेच होतो. नटाच्या तीन गोष्टी जुळाव्या लागतात : जाडी, आट्यांमधले अंतर आणि टेकण्याचा आकार. मारुतीचे स्टड १२ मिलिमीटरचे, आट्यांमधले अंतर १.२५. ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाच्या मोटारींचेही बहुधा १२ चेच, पण अंतर १.५. डब्यातला चुकीचा नट उचलला तर तो हाताने एक-दोन फेरे जातो आणि अडतो. त्या क्षणी गन लावली की आटे कापत नट शेवटपर्यंत जातो. बाहेरून तो घट्ट दिसतो, प्रत्यक्षात स्टडची पकड संपलेली असते.

टेकण्याचा आकारही वेगवेगळा. मारुती आणि ह्युंदाईच्या नटांना शंकूसारखा उतार असतो. होंडाच्या मूळ चाकांना अर्धगोल बूड असलेले नट लागतात, फोक्सवॅगनच्या बोल्टचेही बूड अर्धगोल असते. अर्धगोल खोबणीत शंकूचा नट आवळला तर तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक रेषेवर टेकतो. काही शे किलोमीटरनंतर ती रेष दबते आणि नट ढिला पडतो. बाहेरचे अलॉय बहुधा शंकूच्या उताराचे असतात. त्यामुळे होंडाला असे अलॉय लावताना मूळ नट चालत नाहीत, नवे घ्यावे लागतात.

आडव्या कंपनांनी नट आपणहून सैल कसे होतात, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्येच दाखवून दिले होते. दाब कमी पडला की घसरण सुरू होते आणि घसरण सुरू झाली की नट फिरतो. त्यावरचा उपाय म्हणजे बेफाम आवळणे नव्हे. ठरलेल्या जोराने आवळणे. लहान-मध्यम मोटारींसाठी हा जोर साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. पाच नट असतील तर चांदणी काढल्यासारखे एकाआड एक आवळायचे. गनने फक्त टेकवायचे आणि शेवट टॉर्क रेंचने करायचा. नवे चाक लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. नाशिकहून इगतपुरीला जाऊन यायचे अंतर साधारण तेवढेच आहे. नव्या चाकांची पहिली फेरी नागपूरची नसावी, तर इथवरची असावी.

रिमवर ‘ईटी ४५’ लिहिलेले असते, ते काय?

तो ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातले मिलिमीटरमधले अंतर. आकडा जितका कमी, तितके चाक बाहेर येते. समजा मूळ चाक १५ इंची, साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. त्याजागी १६ इंची, ७ इंच रुंद, ईटी ३५ चे चाक आणले. हिशेब केला तर नवे चाक बाहेरच्या बाजूला २९ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला ९ मिलिमीटर जास्त जागा घेते. २९ मिलिमीटर म्हणजे टायर मडगार्डच्या कडेबाहेर डोकावणार, चिखल काचेपर्यंत उडणार, बेअरिंगवर जास्त ताण येणार. आतले ९ मिलिमीटर शॉक ॲब्सॉर्बरला घासू शकतात.

चाक बाहेर काढण्यासाठी स्पेसरच्या चकत्याही विकल्या जातात. पाच मिलिमीटरची साधी चकती टाकली की १.२५ च्या स्टडवरचे नटाचे चार फेरे कमी होतात. नट हाताने किती फेरे जातो ते मोजावे, १.५ च्या आट्यांना किमान आठ आणि १.२५ ला किमान दहा फेरे मिळायला हवेत. त्याहून कमी असतील तर त्या चाकासह रस्त्यावर उतरू नये.

मोठे चाक घेतले की टायरचे काय?

चाक वाढले की टायरची भिंत कमी व्हायला हवी, म्हणजे एकूण व्यास तोच राहतो. कंपन्या स्वतः हेच करतात. स्विफ्टच्या खालच्या प्रकारांत १६५/८० आर १४ टायर येतो, वरच्या प्रकारांत १८५/६५ आर १५. पहिल्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५, फरक नगण्य. १६ इंचाला जायचे असेल तर १९५/५५ चा व्यास ६२०.९ येतो, म्हणून तो जुळतो. व्यास वाढला तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. टायरवरचा भाराचा आकडाही मूळपेक्षा कमी नसावा : ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. शिफारस केलेले माप चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असते. त्र्यंबक रस्त्यावर पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको, पण भिंत जितकी पातळ तितका खड्ड्याचा दणका रिमवर जास्त.

विकत घेण्याआधी प्रत्यक्ष काय तपासावे?

टायर चढवण्याआधी नुसते रिम हबवर लावून पाहावे. दुकानदार तयार नसेल तर तिथून घेऊ नये, कारण टायर चढल्यावर माल परत घेतला जात नाही. रिम हाताने ढकलल्यावर हबला सपाट टेकले पाहिजे. नट हाताने आवळून चाक फिरवावे. ब्रेकच्या कॅलिपरवर कणकेचा छोटा गोळा चिकटवला तर आतून किती जागा उरली ते त्याच्या दबण्यावरून कळते. टायर चढवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवावे आणि मागे तीन माणसे बसवून गतिरोधकावरून गाडी सावकाश न्यावी. घासल्याचा आवाज रिकाम्या गाडीत येत नाही, भरलेल्या गाडीत येतो.

जुन्या रिमच्या आतल्या बाजूने हात फिरवावा. वेल्डिंगची शिवण किंवा भोके मोठी केल्याच्या खुणा दिसल्या तर किंमत कितीही कमी असो, ते भंगार समजावे. चाकांच्या रिमसाठी केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे, त्यामुळे नव्या रिमवर आयएस १६१९२ चा आयएसआय शिक्का शोधावा. आतल्या बाजूला कमाल भारही कोरलेला असतो. त्याची चौपट गाडीच्या भरलेल्या वजनापेक्षा बरीच जास्त असली पाहिजे, कारण वजन चारही चाकांवर सारखे पडत नाही.

कायदा आणि विमा काय म्हणतात?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत असे बदल करण्यास मनाई करते. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा कडकपणे मांडला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापातले चाक हा वादाचा विषय नाही. मडगार्डबाहेर आलेले टायर मात्र अधिकाऱ्याच्या नजरेत लगेच भरतात. अलॉय नंतर बसवले असतील तर बिल जपून विमा कंपनीला कळवावे. अपघातानंतर सर्वेक्षक चाकाचे माप पाहतो आणि न सांगितलेला बदल दाव्याच्या आड येऊ शकतो.

स्टेपनीचे काय?

नवे अलॉय चार घेतले जातात, पाचवे नाही. डिक्कीत मूळ पत्र्याचे चाक राहते. नव्या चाकांसाठी नट बदलले असतील तर ते नट या पत्र्याच्या चाकाला लागतीलच असे नाही. उतार वेगळा, लांबी वेगळी. जुने नट दुकानातच राहिले, तर कसारा घाटात रात्री पंक्चर झाल्यावर स्टेपनी, जॅक आणि पाना सगळे हाताशी असूनही चाक लावता येणार नाही. जुन्या नटांची पिशवी स्टेपनीच्या मधल्या भोकात बांधून ठेवावी. नव्या नटांना वेगळा पाना किंवा चावी लागत असेल तर तीही तिथेच ठेवावी.